मानतोड

"ही सभेत रडली तर?" घाटाच्या पायथ्याला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकत हिरेमठ मॅडमनी विचारलं.

"नाही रडणार, मॅडम. निघताना पोटभर पाजलंय. झोपेल ती."

"आणि नाही झोपली तर?"

मी मांडीवरच्या सईकडे पाहिलं. सात महिन्यांची सई टक्क जागी होती आणि मॅडमच्या चष्म्याच्या साखळीवर मांजरीसारखी टपून बसली होती.

"तर मी तिला घेऊन बाहेर जाईन."

"म्हणजे निरीक्षण बुडालं." मॅडमनी आरशातून मागच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि गाडी शांतपणे पुढे काढली. "हे बघ ऋजुता, मी काही दुष्ट बाई नाही. तुझी हुशारी मला माहीत आहे. पण प्रकल्प तीन वर्षांचा आहे आणि जागा एकच. बाळंतपणाच्या आधीची तू वेगळी होतीस. आता तुझा एक कान कायम हिच्याकडे. नगरचा एक मुलगा माझ्याकडे दोनदा येऊन गेला. त्याला मी थांबवून ठेवलंय. आजची सभा बघू, मग ठरवू."

"हो, मॅडम."

मी मोठ्या शहाण्यासारखं "हो, मॅडम" म्हटलं. ही जागा गेली की माझी पीएचडी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरून कोणी "सोड" म्हणत नव्हतं. सासूबाई तर उलट निघताना पिशवीत हिंगाची डबी, दोन दुपटी आणि साखरेचं पाणी भरून देत म्हणाल्या होत्या, "जा बाई, तुझ्या मॅडमला दाखव तरी." पण एकदा सुटलेलं काम मूल मोठं झाल्यावर परत हातात येत नाही, हे मी माझ्या दोन मावशांच्या बाबतीत बघितलं होतं.

या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. तेव्हाच्या हिरेमठ मॅडम डोळ्यांपुढे आणायच्या तर आधी त्यांचा आवाज येतो. डॉ. गिरिजा हिरेमठ. बायका चारचौघांत कशा बोलतात, या एका विषयावर त्यांनी सगळी हयात घातली. नगरपालिका, दूधसंस्था, पतपेढ्यांच्या वार्षिक सभा, ग्रामसभा. जिथे बाई बोलायला उभी राहायची तिथे मॅडम रेकॉर्डर घेऊन हजर. बाई काय बोलली हे सगळेच लिहितात, असं त्या म्हणायच्या. तिला कुठे आणि कसं तोडलं, हे त्यांनी लिहिलं. तोडण्याच्या प्रकारांना त्यांनी नावं दिली होती आणि ती नावं आमच्या विभागात चहाच्या टेबलावरही चालायची. बाईचं वाक्य नवऱ्याने पुरं करून टाकणं म्हणजे 'सावरतोड'. ती गंभीर बोलत असताना मागून विनोद फेकणं म्हणजे 'हसतोड'. आणि सगळ्यांत गोड, सगळ्यांत पक्की म्हणजे 'मानतोड'. आधी ताईंचा सत्कार करू, ताईंना नारळ देऊ, पाहुण्यांचे दोन शब्द ऐकू, असं करत करत ताईंच्या विषयाची वेळच संपवून टाकायची. मान इतका द्यायचा की बोलायला जागा उरू नये.

मॅडम स्वतः फार सुंदर बोलायच्या. ते त्यांना माहीतही होतं.

खटाव तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी इथे घेत नाही. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडावंदन होऊन गेलं होतं, ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. एका बाजूला पुरुषांना खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बायकांना सतरंजी. सरपंच मनीषाताई बुधावले आम्हाला घ्यायला गाडीपर्यंत आल्या. तिशीच्या, सडपातळ, नव्या साडीची घडी मोडल्याने जरा अवघडलेल्या. निवडून येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं.

"आलासा बरं झालं," त्या मॅडमचा हात धरून म्हणाल्या. "आज अंगणवाडीचा विषय हाय. काल आम्ही महिला सभेत घेतला. समद्या बायका एका बाजूला. आज गावासमोर ठराव झाला की सुटले बघा मी."

विषय साधा होता. अंगणवाडी गावाच्या मधोमध, मारुतीच्या देवळाशेजारी भरायची. खोली पडायला आली होती, नवीन बांधायला मंजुरी आली होती. उपसरपंच संपतराव शिर्के यांचं म्हणणं होतं, नवी इमारत मोठ्या रस्त्यापलीकडे बांधू, जागा मी देतो. ती जागा त्यांच्या प्लॉटांच्या ऐन मधे होती. तिथे अंगणवाडी झाली की रस्ता येणार, नळ येणार, दिवे येणार. बायकांचं म्हणणं एवढंच, की उसाच्या दिवसांत त्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पळतात. तीन वर्षांचं पोर तो रस्ता कसा ओलांडणार?

आम्ही नुकताच तो रस्ता ओलांडून आलो होतो. मी सईला जरा घट्ट धरलं.

"मी नेहमीप्रमाणे स्टेजवरून रेकॉर्ड करते," मॅडम मला म्हणाल्या. "तू बायकांत बस. आणि आपला नियम?"

"सभेत आपण बोलायचं नाही."

"काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी, मॅडम."

बायकांनी मला सतरंजीवर खांबाला टेकून जागा दिली. शेजारी एक म्हातारी होती, हौसाक्का. कपाळावर गोंदण, तोंडात मिश्री, आणि डोळे असे की मांडवातलं चिटपाखरूही सुटू नये.

"कवाची हाय?" तिने सईकडे बघत विचारलं.

"सात महिन्यांची."

"आन् एवढ्या लांब आनली? धाडसाची हायस." मग जरा वाकून, "का घरात कोन घेत न्हाय?"

"घेतात की. पण ही माझ्याशिवाय राहत नाही."

"ती ऱ्हाती," हौसाक्का म्हणाली. "तूच ऱ्हात नसशील."

आजूबाजूच्या बायका खुदखुदल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी ओढणीआड सईला घेतलं आणि वही उघडली.

सभा सुरू झाली ती सत्काराने. माईक संपतरावांच्या हातात होता. पांढरे कपडे, गळ्यात बारीक साखळी, बोलणं अगदी मऊ. त्यांनी आधी झेंडा बांधणाऱ्यांचा सत्कार केला. मग निवृत्त झालेल्या एका शिक्षकांचा. मग कुस्तीत बक्षीस आणलेल्या पोराचा. प्रत्येकाला टोपी, टॉवेल, नारळ, आणि प्रत्येकाच्या वेळी व्यासपीठावरच्या सगळ्या मान्यवरांची नावं पहिल्यापासून. मनीषाताई अध्यक्षांच्या खुर्चीत हसऱ्या तोंडाने बसल्या होत्या आणि मांडीवरचा कागद घडी घालत, उलगडत होत्या.

"संपतआबा आज लई खुशीत हाय," माझ्यामागची एक तरुण बाई म्हणाली.

"व्हय. येळ काढतंय," हौसाक्का म्हणाली. "काढू दे. आपल्याला कुठं जायचंय? पानी सांच्याला हाय आज."

त्या गावाला नळाचं पाणी तिसऱ्या दिवशी यायचं आणि आलं की फार वेळ टिकायचं नाही. पाणी आलं म्हणजे बाई हातातलं टाकून घरी जाणार, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. म्हणून मनीषाताईंनी सभेची वेळ मुद्दाम सकाळची ठेवली होती.

मग संपतरावांनी आवाज चढवला. "आणि आता, मंडळी, आपलं भाग्य! महिलांच्या वक्तृत्वावर ज्यांचा अभ्यास साऱ्या महाराष्ट्रात नावाजला गेलाय, त्या प्राध्यापक डॉक्टर गिरिजाताई हिरेमठ आपल्या गावी आल्यात. आपल्या आयाबहिणींना आज असं मार्गदर्शन ऐकायला मिळणार हाय, की जे पुन्हा मिळायचं न्हाय. ताई, संकोच न करता तासभर बोला. आम्ही कान देऊन ऐकतो."

शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्या झाल्या. मॅडमनी आधी हातानेच नको नको म्हटलं. मग संपतरावांनी माईक स्टँडला लावून पुढे केला आणि मॅडम उठल्या. नियम बोलायचं नाही हा होता, पण पाहुणी म्हणून दोन शब्द, एवढं त्या अधूनमधून करायच्या.

आणि काय बोलल्या! मी त्यांना कितीदा ऐकलं होतं, तरी माझं पेन थांबलं. घरात आवाज असलेली बाई सभेत गेली की तिचा आवाज कुठे जातो, असं त्यांनी सुरू केलं. सासूच्या, जावेच्या, शेजारणीच्या नकला केल्या. पुरुषसुद्धा हसले. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. सई दूध पिता पिता झोपली. मला वाटलं, सगळं ठीक चाललंय. वाटलं, जागा माझी.

तेवढ्यात मला दत्ता दिसला.

दत्ता म्हणजे गावचा पाणीवाला. संपतरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून त्याला बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं. दत्ताने एकदा बायकांकडे पाहिलं. मग तो कार्यालयाच्या दारामागे गेला आणि हातात व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी घेऊन टाकीच्या दिशेने चालू लागला.

"आक्का," मी हळूच म्हटलं, "तो कुठे निघाला?"

हौसाक्काने मान वर केली. ती मिश्री घोळवायची थांबली. "अगं बया. आत्ता सोडतोय व्हय, मुडदा!"

शब्द सतरंजीवरून पसरत गेला. पानी सोडतोय. आत्ता? व्हय, दत्ता चावी घेऊन गेला. एकीने पदर खोचला. दुसरीने चपला पायाने जवळ ओढल्या. कोणी उठलं नाही अजून, पण सगळ्यांचं अंग उठायच्या बेतात आलं.

"पानी आलं तर मला जावंच लागंल," मागची तरुण बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "घरात घागरभर बी न्हाय. सासरा हांतरुणात."

"मंग ठरावाला कोन ऱ्हानार? ती टोपीवाली मानसं?"

"मनीषाला सांगा की माईक घ्यायला."

"ती कशी घील? पावनी बोलाय लागल्या. पावनीचं बोलनं मोडायचं?"

मी व्यासपीठाकडे पाहिलं. मनीषाताईंनीही दत्ताला जाताना पाहिलं असावं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या एकदा मॅडमकडे बघत, एकदा बायकांकडे, आणि जागच्या हलत नव्हत्या. संपतराव मात्र मॅडमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. इतका मन लावून ऐकणारा पुरुष मॅडमना उभ्या आयुष्यात भेटला नसेल.

हौसाक्काने माझ्या दंडाला धरलं. "तुझ्याच बाई हायत न्हवं त्या? सांग की त्यास्नी."

"मला नाही बोलता येणार, आक्का. आमचा नियम आहे."

"कसला नेम?"

 काहीही झालं तरी, असं मी दोन तासांपूर्वी कबूल केलं होतं. नगरचा तो मुलगा असं कधीच करणार नाही. तो स्टेजच्या कडेला बसून नीट टिपणं काढेल. त्याला दत्ता दिसणारही नाही.

"आन ती पोर हिकडं," हौसाक्का म्हणाली आणि तिने हात पुढे केले.

सासूबाई सोडून मी सईला आजवर कोणाच्या हाती निर्धास्त दिलं नव्हतं. सख्ख्या नणंदेकडे देतानाही माझे हात आधी तिच्या मानेखाली, मग पाठीखाली, आणि तरी सुटत नसत. त्या म्हातारीच्या नखांत मिश्री होती. मी सई तिच्या हातांत ठेवली आणि उठले.

खुर्च्यांच्या मधून जाताना मला माझ्या कुर्त्यावर दुधाचा ओला डाग जाणवला. ओढणी पुढे घेतली. व्यासपीठाच्या पायरीशी पोहोचले. मॅडम माझ्यापासून चार हातांवर होत्या.

"मॅडम," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा सारखा केला, तोंड पुरुषांच्या बाजूला वळवलं आणि आवाज आणखी भरून पुढचं वाक्य सुरू केलं. मी इतकी हळू बोलले होते की त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, असं मला वाटलं.

मागे सई रडायला लागली.

तिचं ते रडणं मी हजार पोरांत ओळखलं असतं. झोपेतून जागं होऊन आई न दिसल्याचं. माझी मान आपोआप वळायला निघाली, मी ती वळू दिली नाही.

"मॅडम, जरा..."

"ओ ताई," संपतराव मऊ आवाजात म्हणाले, "तुमची पोरगी रडतीय. बाहीर घेऊन जावा तिला. मॅडमचं चाललंय."

"व्हय वं, जावा की," खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं. एकजण हसला.

मॅडमचा आवाज चालूच होता. "...आणि म्हणून बाई जेव्हा बोलायला उभी राहते, तेव्हा सगळ्यांत आधी तिला..."

"हिरेमठ मॅडम, थांबा!"

माझा आवाज माईकने पकडला. तो मांडवभर घुमला आणि कर्ण्यातून बाहेर रस्त्यापर्यंत गेला. मॅडम थांबल्या. वाक्य तोंडात तसंच राहिलं. इतक्या वर्षांत कोणी त्यांना असं थांबवलं असेल असं मला वाटत नाही.

"मॅडम, ही मानतोड आहे," मी म्हटलं. शब्द सुटे सुटे येत होते. "पाणी सोडायला माणूस गेलाय. पाणी संध्याकाळी होतं. तुम्ही बोलताय तोवर ते येईल आणि या सगळ्या जणी उठून जातील. मग अंगणवाडीचा ठराव होईल."

 मागे सई रडतच होती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग सतरंजीवर अर्धवट उठलेल्या बायकांकडे. मग, सगळ्यांत शेवटी, संपतरावांकडे. त्यांच्या खांद्यावर ती शाल होती. त्यांनी ती काढली, घडी घातली नाही, तशीच टेबलावर ठेवली आणि खाली बसल्या.

संपतरावांना आता हसू आलं. "वा! शिष्येनं गुरूला बसवलं. मंग आता तुम्हीच बोला, ताई. या वर. माईक मोकळाच हाय."

तो खरंच मोकळा होता. मी पायरी चढले आणि त्यांनी तो स्टँडसकट माझ्या तोंडाशी आणला. आणि मला बोलता आलंही असतं; त्या क्षणी माझ्याजवळ त्या रस्त्याबद्दल, ट्रॉल्यांबद्दल, तीन वर्षांच्या पोरांबद्दल इतकं होतं की मी सगळ्यांना गप्प केलं असतं. मी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि मनीषाताईंच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवला.

"ताई, विषय घ्या."

मनीषाताई उठल्या. त्यांनी कागद उलगडला. "आजच्या ग्रामसभेला उपस्थित, व्यासपीठावरील सन्माननीय उपसरपंच श्रीयुत..."

"नावं ऱ्हाऊ दे गं मनीषा!" हौसाक्का मागून ओरडली. "इषय घे!"

सगळा मांडव हसला. मनीषाताईही हसल्या आणि त्या हसण्याबरोबर त्यांच्या खांद्यांतला ताठा गेला. त्यांनी कागद मिटला.

"अंगणवाडी हाय तिथंच बांधायची. देवळापाशी. रस्त्यापलीकडं न्हाय. काल महिला सभेनं शिफारस केली, आज मी ठराव मांडते."

"हा विषय शेवटाला हाय, सरपंच," संपतराव म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता. "पत्रिका बघा. शेवटाला, आयत्या वेळच्या विषयांच्या आधी. असं मधेच घेता येत न्हाय."

"घेता येतंय, आबा."

"कोन म्हनतंय?"

"सभेची अध्यक्ष मी हाय," मनीषाताई म्हणाल्या. "मी म्हनतीय." मग ग्रामसेवकांकडे वळून, "भाऊसाहेब, लिवा. सूचक मी. अनुमोदन कोन देतंय?"

"मी देतो," खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं. एक तरणा बाप होता, मांडीवर त्याची चड्डीतली पोरगी. "माझी ही जातीय अंगनवाडीत. कारखाना चालू हाय तोवर मी सोता तो रस्ता जीव मुठीत धरून वलांडतो."

"हात वर करा," मनीषाताई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात पाणी आलं. आधी देवळाजवळच्या नळाने फस्सकन हवा सोडली, मग धार दगडावर पडल्याचा आवाज आला. सगळ्या बायकांच्या माना तिकडे वळल्या. हात अर्ध्यावर थांबले. मागच्या त्या तरुण बाईचा एक पाय चपलेत गेलासुद्धा.

"बसा गं!" हौसाक्का गरजली. तिने सईला डाव्या कडेवर घेतलं होतं आणि उजवा हात उंच धरला होता. "आन् ह्या खुर्च्यांतल्यांस्नी काय हात न्हाईत व्हय घागरी भरायला? आज तुमी भरा की!"

"आक्का, आमी मत कुटनं देनार मंग?" एकाने चेष्टेने विचारलं.

"हात वर धरून उठ, भाऊसाहेब मोजतील आन् मंग जा!"

आणि खरंच दोन-तीन नवरे, बायकांनी डोळ्यांनी दटावल्यावर, एक हात वर धरून तसेच नळाकडे चालू लागले. पुन्हा हसू झालं. बायकांचे हात आता सगळे वर होते. ग्रामसेवक एकेका ओळीवरून बोट फिरवत मोजत आले, हौसाक्कापाशी थांबले.

"आक्का, पोरीचा हात खाली घ्या. तिचं मत न्हाय हितं."

सईने रडणं थांबवलं होतं. आजूबाजूला सगळ्यांनी हात वर केलेले बघून तिनेही मूठ वर केली होती, आणि ती खाली घ्यायला तयार नव्हती.

ठराव झाला. विरोधात संपतरावांच्या भावकीतले थोडे हात होते. त्यातलाही एक, त्याची बायको सतरंजीवरून बघतेय असं लक्षात आल्यावर, डोकं खाजवायला गेला.

परतीच्या वाटेवर मॅडमनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. मी मागच्या सीटवर सईला घेऊन बसले होते. मोठा रस्ता लागला, ट्रॉल्या लागल्या, घाट चढून झाला, तरी नाही. मी मनातल्या मनात घरी काय सांगायचं ते जुळवत होते. सासूबाई विचारतील, दाखवलंस का मॅडमना? दाखवलं, म्हणेन. सगळ्या गावासमोर दाखवलं. गंमत म्हणजे मला रडू येत नव्हतं. मी जागा घालवली होती, आणि तरी पाठ ताठ होती. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा उठेन, एवढं एक मला कळलं होतं.

घाटमाथ्यावर एका टपरीपाशी मॅडमनी गाडी थांबवली. दोन चहा सांगितले. बाकावर बसल्या, रुमालाने चष्मा पुसला.

"वाक्य चांगलं होतं माझं," त्या म्हणाल्या. "पुरं तरी करू द्यायचंस."

"सॉरी, मॅडम."

"सॉरी म्हणू नकोस. सॉरी म्हणायचं असतं तर उठलीच नसतीस." चहा आला. त्यांनी तो हातात धरून ठेवला. "तुला तो दत्ता दिसला कसा?"

"मी खाली बसले होते. हिला पाजत होते. तिथून मांडव सगळा दिसतो."

"हं." त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "मी तीस वर्षं स्टेजवर बसून ऐकते. रेकॉर्डर तिथे नीट चालतो म्हणून." मग एकदम सरळ होऊन बसल्या, वर्गात बसायच्या तशा. "एक सांग. तू माझं वाक्य तोडलंस. तोडणारा कशासाठी तोडतो?"

"स्वतः बोलायला."

"सगळे. मी जमवलेल्या शेकडो सभांत एकूण एक. माईक रिकामा झाला की तोडणारा तो घेतो. तुला तर त्या माणसाने आयता हातात दिला होता. तू तो उचलून तिसरीच्याच पुढे ठेवलास." त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. "सावरतोड नाही, हसतोड नाही, मानतोड तर नाहीच. या तोडीला माझ्याकडे नाव नाही, ऋजुता."

 "मग?"

"मग काय? तू शोध. अशा आणखी किती जणी करतात, कुठे करतात, खाली सतरंजीवरून. तीन वर्षं आहेत तुझ्याकडे."

"आणि तो नगरचा मुलगा?"

"त्याला उद्या फोन करते. दुसरं काहीतरी बघ म्हणून सांगते."

मी सईच्या डोक्यावर हनुवटी टेकवली, कारण माझा चेहरा मला मॅडमना दाखवायचा नव्हता. त्यांनी पैसे दिले, ग्लास बाकाखाली ठेवले, गाडीकडे निघाल्या. दार उघडून तशाच उभ्या राहिल्या.

"आणि ऋजुता, तू मला तीनदा हाक मारलीस."

"हो. पहिल्या दोन फारच हळू झाल्या, मॅडम. तुम्हाला ऐकू आल्या नाहीत."

"पहिलीच ऐकू आली होती," हिरेमठ मॅडम म्हणाल्या. "मीच आवाज चढवला. प्रबंधात तेही लिही. नावासकट."